बाभळीचं बुटकं टेबल

गुडघ्यांनी मला दगा दिला तो ऐन आरापुढं. आम्ही राहतो मळ्यातच, हसनाबादच्या जवळ. गहू घरात आला की मळ्यातल्या म्हसोबाला रोडग्याचा नैवेद्य असतो. कणकेचे मोठे गोळे गोवऱ्यांच्या आरात, रसरशीत निखाऱ्यात, भाजायचे, फोडून वर तूप सोडायचं, संगं वरण आन वांग्याची भाजी, आन सगळी भावकी जेवायला. सासूबाईंच्या मागं आर माझ्याकडंच आल्ता. दुसऱ्या कोणाला मी तिथं फिरकू देत नव्हते, खोटं कशाला बोलू. मागच्या साली तशीच खाली बसले आन उठताच येईना. बायांनी काखेत हात घालून मला उचललं, गव्हाचं पोतं उचलावं तसं. राहिलेले रोडगे धाकट्या जाऊबाईनं भाजले. निम्मे करपले, निम्मे कच्चे राहिले. कोणी एका शब्दानं बोललं न्हाई, आन तेच मला जास्त लागलं.

मंग दवाखाना झाला. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, मांडी घालायची न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई, जास्त वेळ उभंबी राहायचं न्हाई. मी म्हणलं, मंग काय लटकून राहू का. तो हसला. मला बिलकुल हसू आलं न्हाई.

घरी येऊन मी तोऱ्यात सांगून टाकलं, माझं झालं आता, इथून पुढं आचारी लावा. कोणीतरी म्हणावं, असं कसं, तुमच्याबिगर कसं व्हईल, एवढी माझी आस होती. जाऊबाई म्हणली, "बरं हाय अक्का, तुम्हाला आराम." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या रात्री मी ताटावरून तशीच उठले.

आमचा पोरगा पुण्याला असतो. त्यानं हौसेनं एक विलायती भट्टी घेतल्ती. जाड चिनी मातीची, अंड्याच्या आकाराची, वर जड झाकण आन बुडाशी एका बाजूला हवा जायला भोक. गॅलरीत एकदा पेटवली तर वरच्या मजल्यावरची बाई भांडायला आली. मंग त्यानं ती टेम्पोत घालून दिली गावाकडं पाठवून. शहरात जे नको होतं ते आमच्याकडंच येतं, त्याच्या जुन्या गाद्या हायतच माळ्यावर. फोनवर म्हणला, "आई, तुझे रोडगे याच्यात मस्त व्हतील बघ." भट्टी धड आली, पण तिचा लोखंडी स्टँड वाटेत मोडला. माणसांनी ती उतरवून अंगणात जमिनीवर ठेवली. म्हणजे झाकण उघडायला मला पुन्हा वाकणं आलंच. मी म्हणलं, कोंबडी बसवा हिच्यात अंड्यावर.

मालक, म्हणजे पोराचे वडील, भट्टी बघून गोठ्याकडं गेले. आमचे मालक तसे बोलतच न्हाईत, दोघांच्या वाटचं मीच बोलते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते गोठ्याच्या आढ्यावरून बाभळीच्या फळ्या खाली काढून राह्यले. त्या फळ्यांची गोष्ट सांगायला पाहिजे. नवी बैलगाडी करायची म्हणून त्यांनी बांधावरची बाभूळ तोडून, लाकूड पाण्यात मुरवून, सावलीत वाळवून ठेवल्तं. पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, गाडी राहूनच गेली. पण त्या लाकडाला त्यांनी कोणाला हात लावू दिला न्हाई. पोरानं दिवाणासाठी मागितलं, न्हाई म्हणले. सख्ख्या भावानं दाराच्या चौकटीला मागितलं, त्यालाबी न्हाई. आन आता ते सगळं अंगणात. मी विचारलं, "विकून राह्यले का काय?" ते म्हणले, "टेबल करतो." एवढंच.

मंग रोज रंधा सुरू झाला. बाभूळ काय साधी असती का, रंध्याचं पातं बोथट झालं, हाताला फोड आले. संध्याकाळी शेठजी येऊन बसायचे. शेठजींचं गावात किराण्याचं दुकान. मूळ राजस्थानचं घराणं, पण पिढ्या इथंच गेल्या, बोलणं आमच्यासारखंच. "वहिनी, आमच्यात बाटी अशीच भाजतात, बंद भट्टीत," ते मला म्हणले, "तुमचे रोडगे बराबर व्हनार." पोरगा फोनवरून सांगायचा, भट्टी उघड्या लाकडावर ठेवू नका, लाकूड जळंल. म्हणून मालकांनी खालच्या फळीवर शहाबादी फरशी बसवली, वरच्या फळीला खिळा आन दोरी घेऊन गोल आखला, आन भट्टीला कुठं लाकूड लागणार न्हाई असा ऐसपैस कापला.

टेबल उभं राहिलं तवा मी बघायला गेले. ते माझ्या कमरेपतूरबी येत नव्हतं. शेठजी म्हणले, "हे टेबल हाय का सत्यनारायणाचा चौरंग?" आन माझं डोकंच फिरलं. फोनमधल्या व्हिडिओत सगळी माणसं कशी झोकात उभं राहून भाजतात, पोरानं दाखवल्तं मला. जन्मभर जपलेलं सोन्यासारखं लाकूड, आन टेबल बुटकं. मी म्हणलं, "वाकायचंच व्हतं तर भट्टी खाली काय वाईट व्हती? एवढे दिवस काय मोजून राह्यले तुम्ही?" शेठजींनी मान खाली घालून चहा संपवला.

मालक घरात गेले आन खुर्ची घेऊन आले. टेबलापुढं ठेवली. म्हणले, "बस."

मी फणकाऱ्यातच बसले. भट्टीचं तोंड बराबर माझ्या हाताखाली आलं. ना वाकायचं, ना हात वर करायचा. मालक म्हणले, "भाकरी करताना तू वट्ट्याला टेकतीस. पाठीमागून कोणी आलं की सरळ व्हतीस. उभं राहून एवढ्या माणसांचे रोडगे कशी भाजशील तू?"

मला वाटत होतं ते कोणाला दिसलं न्हाई. टेकायचं, पाय हलका करायचा आन कोणी यायच्या आत पुन्हा तव्याकडं वळायचं, असं मी किती दिवस करून राह्यले, आन या माणसानं ते बघितलं, आन कोणाला न बोलता त्याच्या मापाचं टेबल केलं. मी पदरानं टेबलावरचा भुसा झाडत बसले. शेठजीच म्हणले, "घ्या, आता चौरंगावर चहा द्या."

पण माझी अक्कल अजून बाकी होती. नवी चूल कोरी पेटवायची न्हाई, आधी सारवायची, हळदीकुंकू लावायचं, हे आमच्यात लहानपणापासून हाताला लागलेलं असतं. नैवेद्याच्या आदल्या दिवशी मी सकाळीच शेणामातीचा काला केला आन खुर्चीत बसून भट्टी आतून-बाहेरून अशी सारवली, की विचारू नका. बुडाचं भोकबी बुजवलं. चुलीला भोक दिसलं की लिंपायचं, तिथं विचार कोण करतं? दुपारी निखारे घातले आन झाकण लावलं. धूर झाकणाच्या फटीतून निघाला आन आर विझला. पुन्हा घातले, पुन्हा विझला.

तेवढ्यात जाऊबाईचा फोन आला. "अक्का, आचारी विचारून राह्यला. संध्याकाळपतूर सांगावं लागंल, हो म्हणू का?" मी विझलेल्या आराकडं बघितलं. आता हो म्हणलं की संपलं, मला माहीत होतं. एकदा आचारी आला की तो दर साली येणार, आन मी मांडवात खुर्ची टाकून सोयऱ्यांना या, बसा म्हणणार. मी म्हणलं, "थांब जरा." आन फोन ठेवून रडायलाच लागले.

शेठजींना बोलावणं गेलं. त्यांनी भट्टीला एक फेरी मारली, बुडाशी वाकून बघितलं आन म्हणले, "वहिनी, तुम्ही हिचं नाकच बुजवलं की." मालक हसले न्हाईत. दुसरा कोणी असता तर मला जन्मभर ऐकवलं असतं. त्यांनी खुरपं आणलं, अंगणात आडवे झाले आन सगळं भोक हळूहळू कोरून मोकळं केलं. आतली माती खरवडली, ओल्या फडक्यानं पुसली. धोतराचं पार शेण झालं. मंग निखारे घातले, झाकण जरा उघडं ठेवलं, आन आर असा फुलला की माझा जीव भांड्यात पडला. एक रोडगा टाकून बघितला. वरून खरपूस, आत कच्चा कण न्हाई.

मी जाऊबाईला फोन लावला आन सांगितलं, "आचाऱ्याला न्हाई म्हण."

दुसऱ्या दिवशी भावकी जमली. सुरुवातीला सगळे भट्टीच बघून राह्यले, कोणी फोटो काढले, कोणी नाक मुरडलं. जाऊबाई माझ्याजवळ पाटावर बसून गोळे करून देत होती, मी खुर्चीत बसून भाजत होते. म्हसोबाचा नैवेद्य गेला, पंगत बसली, घाण्यामागून घाणा निघाला. गोळ्यांची परात टेबलाच्या कडेला अर्धी अधांतरी होती, ती मी एका हातानं धरून ठेवल्ती.

मालक ताटं न्यायला आले. परातीकडं बघितलं, आर बघितला. मला वाटलं आता तरी म्हणतील, चांगले झालेत. म्हणले, "परातीला जागा पुरत न्हाई. एक फळी शिल्लक हाय. पुढच्या साली जोडतो."

आन ताटं घेऊन गेले पंगतीकडं. पुढच्या साली. जसं काही ते ठरलेलंच होतं, जसं काही मी कधी काही सोडलंच नव्हतं. जाऊबाईनं वर बघितलं आन म्हणली, "अक्का, काय झालं?"

चुलीपुढं सारी हयात गेली माझी, डोळ्याला पाणी आलं की धुराचं नाव सांगायची सोय होती. या मेल्या भट्टीला धूरबी न्हाई.