कोंडामामींचा प्रश्न

कोंडामामींनी "कशी आहेस?" असं कधी कुणाला विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच, "पोट साफ झाला का?" तोही डहाणू रोडच्या भर बाजारात, खणखणीत आवाजात. किराणावाल्या शेठना त्या हेच गुजरातीत विचारायच्या आणि शेठही तराजू हातात धरून खरं उत्तर द्यायचे. मी मात्र मामी दिसल्या की गल्ली बदलायची.

मामी मूळच्या सायवनकडच्या शेतकरी घरातल्या. आमच्या शेजारी राहायच्या आणि दवाखान्यात आया होत्या. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पहिलं बाळंतपण उरकून मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. शाळेत बायकांसाठी संडास नव्हता. म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायची नाही, आणि कळ आली तरी दाबून धरायची. घरी जेवायला गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ आणि बारीक चाळलेल्या कणकेच्या पोळ्या. चाळणीत उरलेला कोंडा गवळ्याच्या म्हशीला जायचा. आम्ही पगारदार माणसं, कोंडा काय खाणार!

व्हायचं तेच झालं. आधी आग, मग रक्त. नवऱ्याला सांगायची लाज, सासूबाईंना तर त्याहून. बसवत नसे म्हणून दिवसभर उभ्यानेच शिकवायची. मुलांना वाटायचं, बाई फार कडक आहेत. मला मात्र हा कर्करोगच वाटत होता. पाळण्यातल्या लेकीला पुढे कोण सांभाळणार, याचाच हिशेब करत बसायची. नोकरीचा राजीनामाही लिहून ठेवला होता.

एकदा मामींनी ओट्यावर बसायला सांगितलं आणि मी उभीच राहिले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणून विचारलं, "रगत पडते का गो?"

मी रडायलाच लागले.

"रडतेस कशाला? पोट देवानं सगल्यांनाच दिला हाय."

रक्त असेल तर आधी डॉक्टर, मग कोंडा, हा त्यांचा नियम. दुसऱ्याच दिवशी हाताला धरून घेऊन गेल्या. मूळव्याध निघाली, दुसरं काही नाही. एरवी ते नाव ऐकून कुणी हसलं नसतं, मी हसले.

मग मामींनी माझी पिठाची चाळणीच उचलून नेली. "ती म्हैस बघ, कधी कुंथते का?" नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, हातसडीचा भात, वाल, पालेभाज्या, पेरू असं सगळं सुरू झालं. मी उतावळी. पहिल्याच दिवशी म्हशीसाठी साठवलेला वाटीभर कोंडा खाल्ला आणि शाळा म्हणून वर पाणी प्यायले नाही. पोट दगडासारखं झालं. मामी आधी हसल्या, मग चिडल्या. "कोंड्याला पानी लागते. आनि हलूहलू वाढव, शर्यत हाय का?"

पण पाणी प्यायलं तर जायचं कुठे? मामींनी शाळेमागच्या घरातल्या बाईंना गाठलं आणि मधल्या सुट्टीत मला त्यांचा संडास वापरू देण्याचं कबूल करून घेतलं. असलं काही दुसऱ्याच्या दारात मागायला केवढी छाती लागते, ते मला विचारा. काही आठवड्यांत त्रास थांबला आणि राजीनामा चुलीत गेला.

पुढे काही वर्षांनी मामी पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्याच दवाखान्यात खाटेवर होत्या. मी गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. सून म्हणाली, "घासभर जेवत नाहीत, पाण्यालाही नको म्हणतात. जगायची इच्छाच राहिली नाही."

पाण्याला नको म्हणतात, हे ऐकलं आणि मला शाळेतले ते दिवस आठवले. मी सगळ्यांना बाहेर काढलं, खाटेखालचं भांडं ओढलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "मामी, पोट साफ झाला का?"

मामींनी तोंडावर पदर ओढून घेतला.

"चार दिवस झाले गो," त्या आतूनच म्हणाल्या, "कोनी विचारलाच नाय."