बांधापर्यंतची ॲम्बेसिडर

वडिलांची ॲम्बेसिडर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. गेल्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, ट्रॅक्टर घेतला आणि शेड रिकामं करायचं ठरवलं. गाडी भंगारात जाणार होती.

मी म्हणाले, "आबा, मी ती बॅटरीवर चालवून दाखवते."

तंबाखू मळत आबांनी विचारलं, "किती सेल घालनार? दोन का चार?"

ओट्यावरची सगळी माणसं हसली. वडील हसले नाहीत.

माझ्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. धाराशिवच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलची पदवी घेतली, आता कळंबात शिकवते. ह्या सगळ्याची सुरुवात त्या गाडीमुळं झाली. वडील कळंब ते येरमाळा तिच्यात माणसं न्यायचे आणि त्यावर माझी बारावीपर्यंतची फी भरली जायची. मी बारावीत असताना येरमाळ्याच्या येडाई देवीच्या यात्रेत सकाळपासून फेऱ्यांची इतकी घाई झाली, की ते रेडिएटरमध्ये पाणी घालायचं विसरले. चढावर इंजिन जाम झालं. माणसं उतरून चालत गेली. एवढ्या वर्षांत एकदाच चूक झाली, पण स्टँडवर त्यांचं नावच पडलं, बिनपाण्याचा ड्रायव्हर. त्यानंतर त्यांनी कुठल्याच गाडीचं स्टेअरिंग धरलं नाही. आबांच्या हाताखाली शेती करू लागले.

म्हणून मला ती गाडी पुन्हा चालू करायची होती. आणि चालवायची त्यांनीच.

आबांनी अट घातली. "यात्रंच्या आदल्या रयवारी सोताच्या चाकानं चिंचंच्या बांधापतुर गेली, तर भंगारात घालत न्हाय. ढकलायची न्हाय, ट्रॅक्टर लावायचा न्हाय."

"कबूल," मी म्हणाले. रस्त्यावर न्यायची तर परवानगी लागते, कागद लागतात. आमच्या शेताच्या वाटेला फक्त आबांची परवानगी लागत होती.

धाराशिवच्या भंगार बाजारात अपघातात चेपलेली एक मालवाहू ई-रिक्षा सापडली. तिची मोटर आणि कंट्रोलर काढून आणला. कंट्रोलर म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी डबी. बॅटऱ्या विजेवरच्या मोडलेल्या स्कूटरांच्या. एकेक सेल तपासून निम्मे फेकले, उरलेल्यांची पेटी बांधली. गिअरबॉक्स जुनाच ठेवला. मोटर त्याला जोडायला जुन्या क्लचप्लेटचा मधला भाग कापून तो मोटरच्या दांड्याला बसवायचा होता. कळंबचा लेथवाला म्हणाला, "मॅडम, हे असलं काम आजवर कुनी आनलं न्हाय."

"म्हणूनच तुमच्याकडं आणलंय," मी म्हणाले. त्यानं ते चार दिवसांत करून दिलं, आणि अगदी नेमकं करून दिलं.

इंजिन निघाल्यावर वडिलांनी एकच गोष्ट मागितली. "रेडिएटर काढू नगंस. म्होरून तोंड पोकळ दिसतंय."

मी रेडिएटर तसाच ठेवला. त्याचे पाइप मात्र काढून टाकले आणि त्याच्या खाली, जिथं वारा लागेल अशा जागी, कंट्रोलर बसवला. जागा छान सापडली म्हणून मी स्वतःवर खूश होते.

रविवारला तीन दिवस उरले असताना शेडमध्ये चाकं पहिल्यांदा फिरली. आईनं गाडीला हळदीकुंकू लावलं. वडील स्टेअरिंगला हात न लावता नुसते बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेन स्विच चालू करून मीटर आणायला घरात गेले. परत आले तर बॉनेट उघडं होतं, वडील कळशी वाकडी करून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते, आणि खालून धूर येत होता.

गाडी निघणार म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप कळशीकडं गेला होता. पाणी वरून आत गेलं आणि खालच्या उघड्या तोंडातून थेट कंट्रोलरवर पडलं.

त्यांनी कळशी खाली ठेवली. "पुन्यांदा पान्यानंच घात केला," ते म्हणाले. "त्या येळी घातलं न्हाय, आन आता घातलं. दे सोडून, बाई. दादाला सांगतो, न्हे भंगारात म्हनून."

त्यांचे दादा, म्हणजे आबा, तोवर आलेच होते. "विझली का टॉर्च?" त्यांनी विचारलं.

मला इतका राग आला की रडू यायच्या आधीच मी बोलले. "आबा, आज शुक्रवार आहे. तुम्ही रविवार म्हणाला होता." मग मी वडिलांकडं वळले. "आणि आण्णा, खालचं तोंड मी उघडं ठेवलं, स्विच मी चालू ठेवला. शिकलेली मी आहे. तुम्ही तर ड्रायव्हरनं करायचं तेच केलं."

मी तशीच स्कूटीवर धाराशिवला गेले. भंगारवाल्यानं जळालेली डबी उलटीपालटी करून बघितली. "मॅडम, ह्याला आंघोळ घातली का?"

"घातली. दुसरा द्या."

दुसरा मिळाला, थोडा लहान. शनिवारभर मी तो मागं, सीटखाली बसवत होते. मग आणखी एक काम केलं. रेडिएटरच्या खालच्या तोंडाला लाकडी बूच ठोकून पक्कं बंद केलं.

रविवारी सकाळी वडिलांच्या हातात कळशी दिली. "घाला."

"पन लागत न्हाय म्हनतीस ना?"

"गाडीला लागत नाही. तुम्हाला लागतं. घाला."

त्यांनी काठोकाठ भरलं, बूच दोनदा वाकून बघितलं, आणि स्टेअरिंगवर बसले. मी शेजारी. गाडी शेडबाहेर आली तेव्हा मागच्या सीटवरची कोंबडी ओरडत खिडकीतून उडाली. पहिला गिअर, माणूस चालतो तेवढा वेग. आबा बाजूनं चालत होते आणि आमच्या पुढंही जात होते. बांधाआधीच्या चढाच्या मध्यावर गाडी मंदावली. वडिलांनी पाय थोडा सैल केला, गाडीला दम घेऊ दिला, मग पुन्हा हलकेच दाबला. हे मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नव्हतं. पुढची चाकं बांधावरच्या चिंचेच्या सावलीत गेली, आणि बॅटरी संपली.

"आता माघारी न्या की," आबा म्हणाले.

वडिलांनी खिडकीतून मान बाहेर काढली. कित्येक वर्षांत ते आबांशी अशा आवाजात बोलले नव्हते. "दादा, बांधापतुर म्हनला हुता तुमी. माघारी कुटं म्हनला हुता?"

आबा शेड रिकामं झालं म्हणत ट्रॅक्टर तिथं लावायला निघून गेले.

गाडी आता चिंचेखालीच असते. चार्जिंगसाठी विहिरीच्या मोटरपासून तिथवर वायर ओढली आहे. रोज सकाळी वडील बॉनेट उघडून पाण्याची पातळी बघतात.