सगळ्यात मोठा पैलवान

छापखान्यात मोठ्या अक्षरांच्या लाकडी खिळ्यांना, म्हणजे छापायच्या ठोकळ्यांना, सगळे ‘पैलवान’ म्हणत. अंगाने जाड, टोकाटोकाला चौकोनी, भक्कम पाय. नाजूकपणाशी त्यांचा उभा दावा. ‘दुकान बंद होत आहे’, ‘पुढे खड्डा आहे’, हरवलेल्या माणसाचं पत्रक, असं रस्त्यापलीकडून वाचता यायला हवं ते सगळं पैलवानात छापायचं. एखादा खिळा झिजला, की त्याच्याखाली कागदाची पट्टी सारून त्याला वर उचलायचं. छत्तीस वर्षं खिळे जुळवणारा जुळारी हेच करत आला होता. आता त्याची स्वतःची कंबर झिजली होती, आणि तिच्याखाली पट्टी सारणारं कोणी नव्हतं.

त्यात बायकोची नजर उतरत चाललेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलीने बजावून ठेवलं होतं, “बाबा, तुम्ही दिवसभर कामावर. आईला डब्यांवरचं वाचता येईनासं झालं, की मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार.” मुलीचं चुकत नव्हतं, हेच वाईट होतं. तिच्या घरात दोघांची सोय होण्याइतकी जागा नव्हती.

म्हणून जुळारी डब्यांसाठी पैलवानात नावं छापून आणायचा. आधी बोटभर उंचीची, मग चार बोटं. काल त्याने छापखान्यातला सगळ्यात मोठा पैलवान काढला, तळहाताएवढा. त्याच्यापुढे काही नव्हतं. घरी येऊन त्याने दमलेल्या हातांनी कागद चिकटवले आणि आडवा झाला.

सकाळी तिने चहा आणून दिला. नेहमीसारखाच, तिच्या हातचा. घोट घेताघेता त्याची नजर फळीवर गेली. साखरेच्या डब्यावर ‘मीठ’, मिठाच्या डब्यावर ‘साखर’! छापायची ओळ उलटी लावायची असते. जन्मभराच्या सवयीने त्याने घरीही कागदांची ओळ उलटीच, उजवीकडून डावीकडे, लावली होती.

आणि चहा तर गोड होता.

“अक्षरं दिसली ना नीट?” त्याने विचारलं.

“न दिसायला काय झालं? चांगली दांडगी आहेत,” ती म्हणाली. तिचं तोंड खिडकीकडे होतं.

कधीपासून ही नुसती चाचपून संसार रेटत होती, कोण जाणे. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती.

“दुपारी येते, बाबा. आईला वाचता येतंय ना अजून?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“येतंय की,” जुळारी म्हणाला, “माझ्यापेक्षा बरं येतंय.”

फोन ठेवून तो फळीपाशी गेला आणि कागद नखाने अलगद सोडवू लागला.

“काय करताय हो?”

“काही नाही गं. कोपरा सुटला होता.”

ती हळूच म्हणाली, “कुठे काय लिहिलंय, ते मला एकदा सांगून ठेवा. ती विचारेल.”