त्यांच्या पुढचं पान

माझे यजमान शहरालगतच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. दिवसभर ट्रकांचा धूर आणि हमालांचा आरडाओरडा सोसून संध्याकाळी घरी आले, की हातपाय धुऊन चहा घ्यायचे आणि दिवाणावर भिंतीला टेकून पुस्तक उघडायचे. उठताना जिथवर वाचून झालं असेल, त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचे. पान दुमडलेलं त्यांना खपायचं नाही.

मी भिवापूरकडची. शाळा सातवीपर्यंत. पुढे मिरच्यांचे देठ खुडले, लग्न झालं, आणि वाचायचं म्हणजे लग्नाच्या पत्रिका नि औषधाच्या बाटल्या, एवढंच उरलं. मी अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत वाचायचे. त्यांची पानं मात्र इतकी झपाझप उलटत, की हे नुसतेच पाहतात असं मला वाटे. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते हसले नाहीत.

"रोज वाचलं का आपोआप होते," म्हणाले. "तू करून पाह्य."

मी काही करून पाहिलं नाही. घरात एक वाचणारा पुरे होता.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांनी, वैशाखातल्या एका दुपारी कूलरसमोर झोपले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. मुलगी शहरातच राहते, पण तिलाही तिचा संसार आहे. मग संध्याकाळच्या वेळी मला पान उलटल्याचा आवाज येऊ लागला. कूलरच्या वाऱ्यानं कॅलेंडर फडफडतं, हे मला कळत होतं. तरी दर वेळी माझी मान दिवाणाकडे वळायची. शेवटी एक दिवस मी कपाटातलं त्यांचं एक पुस्तक काढलं आणि त्यांच्या जागी जाऊन बसले. वाचायची हौस आली म्हणून नाही. त्या आवाजाला घरात काहीतरी कारण असावं, म्हणून.

त्यांच्या एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत पोचायला मला आठवडा लागला. ते एका बैठकीत जात होते तेवढं अंतर. ठिपका आला की वाटायचं, ते आत्ताच इथून उठून गेलेत. मी पाठीमागच्या उशीवर हात ठेवून पाहायचे. रोज बसू लागले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ओळीखालचं बोट सुटलं, ओठ थांबले. मग शब्द एकेकटे येईनात, ओळच्या ओळ यायला लागली. आठवड्याचे दोन दिवस झाले, दोनाचा एक. ते पुढे चालताहेत आणि मी त्यांची पाठ धरून मागे, असं काहीतरी चाललं होतं. स्वयंपाकाचं भानही राहत नसे.

पुस्तकं त्यांनी वाचली त्याच क्रमानं लावलेली होती. शेवटच्या खणाशी आले तेव्हा एका बैठकीत मला दोन ठिपके लागले. मग तीन. मला आनंद झाला, अगदी पोरीसारखा. मी त्यांना मागं टाकलं, असं वाटलं. पण शेवटच्या पुस्तकात एकाच पानावर चार ठिपके निघाले. एक ओळीच्या मध्यात, अक्षरावरच पडलेला. एक खाली, कोऱ्या जागेत.

तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. शेवटच्या वर्षात ते मलाच सगळं वाचायला लावत. लाइटचं बिल, गोळ्यांचं पाकीट, चहाच्या वेळी पेपरातले मथळे. चष्मा आत राहिला, म्हणायचे. मी अडखळायचे आणि ते थांबून राहायचे. मला वाटायचं, माझा सराव करून घेताहेत.

रविवारी मुलगी आली. मी ते पान उघडून तिच्यासमोर धरलं. तिनं त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"मले माहीत होतं आई," ती म्हणाली. "साखरेच्या बिमारीनं डोळे जात आले होते त्यायचे. मीच नेत होती दवाखान्यात."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"नको म्हणले. तिले आता कुठं वाचता येऊन राहिलं, म्हणे. कळलं तर वाचणार नाही, रडत बसेल."

ती चहा टाकायला आत गेली. मी तिथंच बसून राहिले. शेवटचे कितीतरी महिने ते माझ्यासमोर, मी मेथी निवडत असताना, न दिसणाऱ्या ओळींकडे तोंड करून बसत होते. आणि मला ऐकू यावं म्हणून मधूनमधून पान उलटत होते. त्या वेळी त्यांच्या डोक्यात काय चालत असेल, हे मला अजून कळलेलं नाही. त्याच विचारानं मी दचकून जागी होते.

त्या पुस्तकाचा अर्ध्याहून जास्त भाग त्यांचा वाचायचा राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून मी तो मोठ्यानं वाचायला लागले. माझा वेग आता चांगला आहे, मुलीहून जास्तच. पण तो भाग मी सावकाश वाचला. परिच्छेद संपला की थोडी थांबत होते.

एका संध्याकाळी शेजारीण दारात आली. पाहुणे आले का, म्हणाली. मी म्हटलं, नाही, मी वाचत होते.

"असं होय," ती म्हणाली. "मले वाटलं, दोघं जण बोलून राहिले."

मग ती गेली. पण जाताना खिडकीशी थांबून तिनं एकदा दिवाणाकडे पाहिलं, आणि पदर सावरत घाईनं पाय उचलला.