छूट गए

पंचक्रोशीच्या यात्रेला जाते म्हटल्यावर आईनं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग म्हणाली, "पागल झालीस काय? वैशाखची धूप आहे. लू लागून जाईल तर कोण बघणार तुला?" आमच्या उज्जैनच्या मराठीत ऊन कमीच पडतं, धूपच पडते.

"खेड्यांतल्या बाया जातातच ना," मी म्हटलं. "माझ्या दुप्पट वयाच्या असतात."

"त्यांना आदत आहे."

"मला पण होऊन जाईल."

मला कशाची आदत होत नव्हती ते तिला माहीत होतं.

माझा नवरा पुण्याला गेला तो परत आला नाही. अपघात वगैरे काही नाही. नोकरी बदलली, तिकडे खोली घेतली, आधी म्हणाला तूही येशील, मग म्हणाला थोडं थांब, आणि एका रविवारी दुपारी फोनवर म्हणाला की त्याला आता एकत्र राहायचं नाही. दुसरं कोणी नाही, भांडण नाही, पण राहायचं नाही. दोघांच्या संमतीनं वेगळं होऊ, तू फक्त हो म्हण. मी म्हटलं, बघते. त्यानंतर एक दिवाळी येऊन गेली. तो अधूनमधून विचारायचा आणि मी बघते म्हणायची. मी हो म्हटलं नाही तोवर ते झालेलंच नाही, असा माझा हिशेब होता.

मी टावर चौकाजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर काच बदलून लोकांना विचारायचं, आता बरं दिसतं की आता? या कामाला चौकस माणूस लागतं आणि मी जन्मापासून तशी आहे. घरी त्याला नाक खुपसणं म्हणतात. पण तो रविवार झाल्यापासून मी प्रश्न विचारायची आणि उत्तर आलं की कानांवरून जायचं. समोरचा काय वाचतो, काय काम करतो, डोळे का लाल झालेत, काहीही जाणून घ्यावंसं वाटेना. रडू येत होतं त्याची मला एवढी भीती वाटली नाही जेवढी याची वाटली.

आणि मग वैशाख लागला. दरवर्षीप्रमाणे डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया शहरात दिसायला लागल्या. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून मी त्यांच्याकडे बघत होते, तेवढ्यात मनात आलं, त्या गाठोड्यांत काय असतं? लहानपणापासून बघतेय, कधी विचारलं नव्हतं. किती तरी महिन्यांत मला पहिल्यांदा काही तरी जाणून घ्यायचं होतं. मी त्याच दुपारी रजा टाकली. मन हलकं करायला निघालीस का, असं सोबत काम करणाऱ्या बाईंनी विचारलं. मी हो म्हटलं, कारण गाठोड्यांचं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मलाच तपासलं असतं.

पंचक्रोशीची सुरुवात पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापासून होते. तिथे नारळ वाहून देवाकडून बळ मागून घ्यायचं आणि उज्जैनभोवतीच्या फेरीला निघायचं. फेरी संपली की बळ परत करायचं. घेतलेलं किती उरलं ते कसं कळतं, असं मी पुजाऱ्यांना विचारलं. त्यांनी मला पुढे सरकायला सांगितलं.

पहिल्या मुक्कामाच्या, पिंगळेश्वरच्या वाटेवर मी तराण्याकडच्या एका गावातल्या चार बायकांना चिकटले. चिकटले म्हणजे अक्षरशः. त्यांनी एकमेकींच्या लुगड्यांचे पदर गाठी मारून जोडले होते, गर्दीत चुकामूक नको म्हणून, आणि सर्वांत मागच्या बाईनं काही न विचारता माझ्या ओढणीला तिच्या पदराची गाठ मारली. सर्वांत पुढे होती ती सत्तरीच्या आसपासची असावी. तिला सगळ्या मोटी बई, म्हणजे थोरली बाई, म्हणत. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकलेला होता आणि वाट मात्र तीच काढायची.

गाठोड्यांचा निकाल पहिल्याच विसाव्याला लागला. कणीक, तुरीची डाळ, मीठ-मिरची, एक पातेलं, एक चादर, एक धुतलेलं लुगडं. एकीच्या गाठोड्यातून हातात मावेल एवढा आरसा निघाला आणि त्यावरून बाकीच्यांनी तिला खूप चिडवलं. मग त्यांनी माझी सॅक उघडायला लावली. पॉवर बँक कशाची, हे समजावताना माझी दमछाक झाली. उन्हाचं क्रीम मात्र सर्वांना लगेच कळलं. मोटी बईनं नाक पुढे केलं, मी लावलं, आणि पुढचा कोसभर ती पांढऱ्या नाकानं चालली.

मला सगळंच विचारायचं होतं. अनवाणी पायाला डांबर भाजत नाही का? भाजतं. मग? मग कडेच्या धुळीतून चालायचं. दरवर्षी का येता? यावर त्या एकमेकींकडे बघून हसल्या. आरसेवालीनं सांगितलं की घरी पाच दिवस दुसऱ्या कोणी तरी चूल पेटवावी म्हणून. मला हे उत्तर फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी करोहनचा मुक्काम मागे टाकेपर्यंत माझ्या टाचेला फोड आला होता, मान रापली होती, आणि आदल्या दिवसापासून मला नवऱ्याची आठवण आली नव्हती हे माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं तशी आठवण आलीच.

नेमकं त्याच वेळी मोटी बईनं मागे वळून तिच्या माळवीत विचारलं, "थारो आदमी संग नी आयो?"

मी म्हटलं, "छूट गए."

आता हा शब्द मी कोणत्या भाषेत बोलले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मराठीत बस सुटते म्हणजे ती निघून जाते. हिंदीत बस छूटती है म्हणजे आपण मागे राहतो. आमच्या घरी 'बस छुटली' म्हणतात आणि त्यात दोन्ही येतं. नवरा पुण्याचा, त्याला याची मोठी गंमत वाटायची. "चुकली म्हण नाही तर सुटली म्हण. दोन्हींची खिचडी कशाला?" असं म्हणून हसायचा. सुरुवातीला जवळ घेऊन हसायचा, नंतर नुसता हसायचा. तर मला म्हणायचं होतं की तो सुटून गेला, निघून गेला. मोटी बईला ऐकू आलं ते असं की बिचारीचा नवरा गर्दीत मागे राहिला.

ती थांबली. पदर बांधलेले असल्यामुळे आम्ही सगळ्याच थांबलो.

"कां छूटी ग्यो? पिछला पड़ाव पे?" कुठे राहिला ते तिला हवं होतं.

"पीछे," मी म्हटलं. "बहुत पीछे." हे खोटं नव्हतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. मागून येणाऱ्या प्रत्येकाला विचारणं सुरू झालं. एकटा माणूस बघितला का? कसा दिसतो? मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, उंच, सडपातळ, चष्मा. सरबत वाटणाऱ्या एकानं असा माणूस नुकताच पुढे गेल्याचं ठामपणे सांगितलं. दुसऱ्यानं तो झाडाखाली झोपलाय म्हणून सांगितलं. लिंबाखाली विसावलेल्या एका चष्मेवाल्याला आरसेवालीनं हाताला धरून माझ्यापुढे उभं केलं. तो बिचारा घाबरला होता. मी सवयीनं त्याच्या चष्म्याकडे बघितलं. डाव्या काचेवर ओरखडे होते. "ये नहीं हैं," मी म्हटलं, आणि काच बदलून घ्यायला सांगितली.

खरं सांगून टाकायला मला दहा संधी मिळाल्या. मी सांगितलं नाही, कारण मला ते आवडत होतं. घरी, दवाखान्यात, माधवनगरच्या मावशीकडे, सगळीकडे मी टाकलेली बायको होते. माझ्याशी बोलताना लोक आवाज खाली आणायचे. इथे मी चुकामूक झालेली बायको होते आणि सगळे मोठ्यानं बोलत होते. आणि चुकामूक म्हटली की तोही कुठे तरी मान उंचावून मला शोधत असणार, हे त्या बायका धरूनच चालल्या होत्या. "ऊ बी ढूँढतो होयगो," मोटी बई सारखी म्हणायची. एक अख्खा दिवस मी अशी बाई होते जिला तिचा नवरा शोधतो आहे. इतकं बरं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

अंबोदियाच्या मुक्कामी दिवे लागायच्या सुमारास पोचलो. गोवऱ्यांचा धूर सगळीकडे पसरला होता आणि त्यातून लाऊडस्पीकर चालला होता. अमुक गावची अमुक बाई, हिरवं लुगडं, जिथे असेल तिथून माइकपाशी यावं. मोटी बईनं गाठोडं उतरवलं, पदराची गाठ सोडली आणि माझा हात धरला. "चाल," म्हणाली. मी फोडाचं कारण सांगून बघितलं. तिनं हात सोडला नाही.

माइकच्या मांडवात एक मास्तर बसले होते. पंचायतीनं त्यांना तिथे बसवलं असावं. घसा बसलेला, पुढ्यात पाण्याची बाटली, आणि सभोवती घोळका. आमची पाळी आली.

"कौन छूटा?"

"इनका आदमी," मोटी बई म्हणाली.

"कपड़े?"

मी आठवायला लागले. शेवटचं बघितलं तेव्हा आकाशी शर्ट होता. नानाखेड्याच्या बसस्टँडवर, खिडकीतून त्यानं हात केला होता, आणि बस निघायच्या आधीच मोबाईलमध्ये डोकं घातलं होतं. मी सांगितलं, आकाशी शर्ट.

"मोबाइल है उनके पास?"

"है."

"तो लगाओ ना. डिस्चार्ज है?"

"नहीं. लगता है."

"उठाते नहीं?"

"उठाते हैं," मी म्हटलं. "हर बार उठाते हैं."

मास्तरांनी माझ्याकडे नीट बघितलं. ते चिडले होते. मागे एक रडणारी मुलगी तिच्या आजीला शोधत उभी होती. "फोन लगता है, उठाते भी हैं, और आते नहीं. तो बेन, वो छूटे कहाँ? वो तो गए हैं." एवढं बोलून त्यांनी मागच्या मुलीला पुढे घेतलं.

मी तिथेच उभी राहिले. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या तोंडावर हे इतक्या साध्या आवाजात कोणी बोललं नव्हतं. आई म्हणायची, येईल गं. मावशी म्हणायची, पुरुषांचं असंच असतं. आणि मी म्हणायची, बघते. मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही लपवता येईनात म्हणून मी ओढणी तोंडाला लावली.

परत येताना मोटी बईनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "पेलां बोलती नी. म्हूँ सवेरा से एक आँख से सगळा आदमी देखती री." आधी बोलले नाही म्हणून तिला राग आला होता आणि तो योग्यच होता. मी म्हटलं, "बोला नहीं गया." ती "हूँ" म्हणाली.

चुलीपाशी आरसेवालीनं विचारलं, "मिल्यो कई?"

"नी," मोटी बई म्हणाली. "गयो हे."

कोणी आवाज खाली आणला नाही. आरसेवालीनं कणकेचा गोळा माझ्याकडे सरकवला आणि बाट्या फार मोठ्या करू नको, आतून कच्च्या राहतात, असं बजावलं. मी बाट्या वळल्या. मोटी बईनं निखाऱ्यांवर कशा ठेवायच्या ते दाखवलं आणि त्या उलटायचं काम माझ्यावर सोपवून ती डाळीकडे वळली.

मी तिथेच बसून फोन लावला. त्यानं नेहमीसारखा लगेच उचलला.

"बोल."

"हो," मी म्हटलं.

"काय हो?"

"तू विचारत होतास ना. माझं उत्तर हो आहे. काय कागद करायचे ते कर, मी सही करीन."

माइकवर त्या मुलीच्या आजीचं वर्णन चाललं होतं, कपाळावर गोंदण, हातात काठी. मास्तरांचा घसा आता पार गेला होता.

"हा आवाज कसला येतोय?" तो म्हणाला, आणि मग वेगळ्याच सुरात, "कुठे आहेस तू?"

तो गेल्यापासून हे त्यानं मला एकदाही विचारलं नव्हतं. रात्ररात्र जागून मी या प्रश्नाची वाट बघितली होती आणि उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, एक रागाचं, एक रडण्याचं, आणि एक असं की ते ऐकून तो लगेच गाडीत बसेल. आता प्रश्न आला होता आणि मला त्यातलं एकही द्यायचं नव्हतं. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण द्यायचं नव्हतं.

"बाहेर आहे," मी म्हटलं. "ठेवते, बाट्या जळतील."

"काय?"

मी फोन ठेवला. मोटी बई ओरडत होती, कारण बाट्या एका बाजूनं खरंच जळल्या होत्या.