पाळत

आमचे हे बँकेची तिजोरी सांभाळून निवृत्त झाले. त्यांचा संशय मात्र अजून नोकरीत आहे. कंपन्या पाळत ठेवतात म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून ह्यांनी स्वतः लिनक्स बसवलं. परवा लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती आम्हाला छान दिसत होती, तिला मात्र आमच्याकडचा नुसता अंधार.

"जावईबापूंनीच काहीतरी करून ठेवलंय," हे पुटपुटले. मग संशय इंटरनेटवाल्यावर गेला, तिथून कॅमेरा चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमवर. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून ह्यांनी कॉम्प्युटरची उलटतपासणी घेतली. कॅमेरा जोडलेला आहे आणि चालू आहे, असंच उत्तर दर वेळी येत होतं.

"धादांत खोटं बोलतोय," म्हणत ह्यांनी अख्खं लिनक्स पुसून पुन्हा बसवायची तयारी केली.

मी चष्मा लावून जवळ गेले. कॅमेऱ्याच्या भिंगावर काळी चिकटपट्टी होती, ह्यांनीच पहिल्या दिवशी लावलेली. मी ती नखाने ओढून काढली.

"अगं, कोणीतरी बघेल ना!"

"अहो, तुम्हाला बघायची हौस जगात एकाच माणसाला आहे, आणि ती केव्हाची अंधाराकडे बघत बसलीय."