उन्हात वाळलेलं बी

आमच्या खालच्या रानातला हरभरा दरवर्षी मरायचा. महिनाभर हिरवागार असायचा, मग एकेक झाड माना टाकायचं. उपटून मूळ उभं चिरलं की आत बुरशीची काळी रेघ. यंदा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यातलं एक एकर मला दिलं, पण अट घालून. "तुझं ते जंतूचं औषध लावून बघ. न्हाय जमलं तर पुन्हा रानात तुझं काय चालायचं न्हाय." मी तिथंच हो म्हणाले. तोवर खुरप्यापलीकडं माझ्या हाती रानातलं काही आलंच नव्हतं.

धाराशिवहून बाटली आणली. तिच्यात बुरशीला मुळाशीच अडवणारे जिवंत जिवाणू होते. पेरणीच्या सकाळी ते गूळपाण्यात कालवून बियाला चोळले, बी सावलीत पोत्यावर पसरलं आणि भाकरी थापायला गेले. परत येते तर पोतं रिकामं.

बी स्लॅबवर टळटळीत उन्हात पडलेलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "ओलं बी कुजतंय. ऊन दिल्याबिगर आमी कवाच पेरलं न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "आत्याबाई, त्यात जीव होता, तुम्ही तो भाजून काढला!"

बाटलीत निम्मं औषध उरलं होतं. मी धावतच पुन्हा गूळपाणी केलं. पण भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा, आणि मामांना दम कुठला? त्यांनी त्या वाळल्या बियाची चार तासं, म्हणजे चार ओळी, पेरूनही टाकली. उरलेलं बी मी हिसकावून घेतलं, नव्यानं चोळलं आणि सावलीत सुकवून पेरायला दिलं.

दीड महिन्यानं पहिलं झाड वाळलेलं दिसलं. मग दुसरं, मग दहा. बघते तर जवळजवळ सगळी त्याच चार तासांत! शेजारचा हरभरा घाट्यांनी लदबदलेला. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. आत्याबाईंना हाताला धरून बांधावर नेलं. त्यांनी दोन्हीकडची मुळं स्वतः चिरून पाहिली.

"म्हंजी ही माझ्या हातानं गेली," त्या म्हणाल्या.

"तुमच्यामुळंच तर औषधाचा गुण कळला, आत्याबाई," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मामा बांधावरून नुसतं बघून गेले. काढणी झाल्यावर जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाले, "वरच्या रानाला किती बाटल्या लागतील, सांग."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. रानातलं त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं.